मामेसासऱ्यांचं दीड हाताचं जनावर

माझ्या मामेसासऱ्यांइतक्या जुन्या ओळखी बाळगणारा माणूस पेडण्यापासून काणकोणापर्यंत शोधला तरी सापडायचा नाही, कारण त्यांच्या अगदी जवळच्या स्नेह्याला मरून आता अठ्ठावीस कोटी वर्षं होत आली. बाकीच्यांचे जिवलग शाळासोबती असतात, नाहीतर कामावरचे सोबती. मामांचा जिवलग म्हणजे मेसोसॉरस नावाचं एक सरपटणारं जनावर. घरात त्याला नुसतं ‘मेसो’ म्हणतात. जमिनीवर चांगलं बस्तान बसलेलं असताना ज्यांनी पुन्हा पाण्यात जायचं ठरवलं, त्या अगदी पहिल्या मंडळींपैकी हा एक. लांब शेपूट, सुईसारखे बारीक दात, पोहायला सोयीचे चपटे पाय. मामांच्या घरी नवी सून येवो की विजेचा मीटर बघायला माणूस येवो, त्याला चहाबरोबर मेसोची सगळी कुळकथा ऐकावी लागते. वंश संपला ही गोष्ट मामा अगदी शेवटी सांगतात आणि सांगताना आवाज खाली आणतात. मीटरवाल्याला पहिल्या खेपेला वाटलं, घरातलंच कोणी गेलं. बिचारा चपला काढून ओसरीवर दोन मिनिटं गप्प बसून राहिला आणि मीटर न बघताच परत गेला.

मामा डिचोलीजवळच्या सर्वणचे. माझ्या बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले, त्यामुळे आमच्या लग्नाचं ठरवायला मामाच आले. आमचं घर मांद्र्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मुलीकडची माणसं येणार म्हणून आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून तयार होतो. मामा आले, घराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ विहिरीपाशी गेले, कठड्याचा सुटलेला एक ढलपा उचलला, रुमालाने पुसला आणि चाटला. पुढे मला कळलं की दगडाची पारख करणारी माणसं असं करतात. ओला झाला की त्याचा रंग आणि कण उघडे पडतात, आणि जिभेला चिकटला तर त्यात माती आहे हे समजतं. पण आईला हे कुठून माहीत असणार? ती जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बघत होती. तिने मला आत बोलावून हळूच विचारलं, “तेंका भूक लागल्या काय रे?” तेवढ्यात मामा ढलपा जागच्या जागी ठेवून ओसरीवर आले आणि म्हणाले, “फातर घट आसा. आमचें चेडूं दिवपाक हरकत ना.” दगड घट्ट आहे, आमची मुलगी द्यायला हरकत नाही. माझं शिक्षण काय, मी करतो काय, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

मामांची सगळी नोकरी लोहखनिजाच्या खाणीवर झाली. खाण खणायच्या आधी जमिनीत खोल भोक पाडतात आणि आतून दगडाच्या लांब लांब कांड्या बाहेर काढतात. त्या कांड्या कप्प्यांच्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडायच्या, कुठली किती खोलीवरून आली ते लिहायचं, वरची बाजू कुठली ते बाणाने दाखवायचं आणि प्रत्येकीचं वर्णन वहीत उतरवायचं, हे मामांचं काम. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. पुढे खाणी बंद पडल्या, रस्त्यावरचे ट्रक दारोदार गंजत उभे राहिले, आणि खाणवाल्यांनी फेकून दिलेल्या रिकाम्या पेट्या मामांनी टेंपो करून घरी आणल्या. आता मामींचे कांदे, सुकी मासळी, विजेची बिलं, नातवंडांचे मोजे सगळं त्या पेट्यांत असतं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि प्रत्येक पेटीवर बाण. “सुक्या बांगड्यांक वयर-सकयल कित्याक जाय, तें म्हाका अजून कळूंक ना,” म्हणजे सुक्या बांगड्यांना वर-खाली कशाला हवं, असं मामी दर खेपेला मला सांगतात, आणि बांगडे काढून झाले की पेटी बाणाप्रमाणेच परत ठेवतात. जेवायला बसल्यावरसुद्धा मामा ताटातल्या भाताच्या ढिगाला मधोमध उभा चिरतात, हुमण, म्हणजे माशाचं कालवण, कितपत झिरपलं ते पाहतात, ‘वयलो थर तांबसो, ओलो, सकयलो धवो, सुको’ म्हणजे वरचा तांबूस नि ओला, खालचा पांढरा नि सुका, असं स्वतःशी पुटपुटतात आणि मगच पहिला घास घेतात.

त्या खाणीवरच्या वहीचा एक नियम होता आणि तो मामांच्या अंगात हाडापर्यंत मुरला आहे. वर्णन चुकलं तर खोडायचं नाही, पुसायचं नाही. चुकीच्या शब्दावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही करायची. मामांच्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेत मुहूर्त ‘सायंकाळी’ऐवजी ‘सकाळी’ छापला गेला. छापखान्याचा माणूस म्हणाला, वरून चिकटपट्टी लावून देतो, कोणाला कळणार नाही. मामा म्हणाले, “चूक झांकपाची न्हय. चूक दिसपाक जाय.” आणि त्यांनी सगळ्या पत्रिका मांडीवर घेऊन एकेका ‘सकाळी’वर पट्टीने रेघ मारली, वर ‘सायंकाळी’ लिहिलं आणि बाजूला सही केली. नवरीकडच्या मंडळींना वाटलं, हे कोणी सरकारी अधिकारी आहेत. लग्नात त्यांना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं होतं आणि मामांना त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

आता असा माणूस मेसोच्या नादी लागला कसा? तर तिथे त्यांचं एक दुःख आहे. आपल्याकडचा दगड इतका जुना, की तो झाला तेव्हा पृथ्वीवर हाड नावाची वस्तूच अजून झाली नव्हती. पस्तीस वर्षं जमिनीच्या पोटातलं बाहेर काढून मांडत बसलेल्या माणसाला त्या सगळ्या पेट्यांत एखादा शिंपला मिळायचीसुद्धा आशा नाही. मामा नार्व्याला देवदर्शनाला गेले की नमस्कार झाल्यावर बाहेर नदीकाठी जातात, तिथला एखादा दगड हातात घेऊन निरखतात आणि म्हणतात, “ह्या फातरा मुखार आमी सगळीं कालचीं भुरगीं. पूण ह्याच्या पोटांत कोण ना.” या दगडापुढे आपण सगळी कालची पोरं, पण याच्या पोटात कोणी नाही. ‘कोण ना’ म्हणताना त्यांचा चेहरा पोरकं मूल पाहावं तसा होतो. अशात त्यांना खाणीवरच्या कपाटात एका जुन्या साहेबाचं विसरलेलं पुस्तक सापडलं. पहिली निम्मी पानं वाळवीने खाल्ली होती. जिथे वाळवीचं पोट भरलं, तिथून पुढे मेसोचं प्रकरण सुरू होत होतं.

मेसोची हाडं सापडतात ती फक्त दोन मुलखांत, आफ्रिकेच्या दक्षिणेला आणि ब्राझीलच्या बाजूला. मध्ये अख्खा महासागर. मामा हे सांगताना हातात एक पोय घेतात. पोय म्हणजे आमच्याकडचा कोंड्याचा पाव. तिचे दोन तुकडे करतात, दूर धरतात आणि विचारतात, “जनावर दीड हाताचें. इतलेंशें जनावर इतलो दर्या पेंवून वतलें?” म्हणजे एवढासा जीव एवढा समुद्र पोहून जाईल का? समोरच्याने ‘नाही’ म्हणायचं असतं. मग मामा दोन तुकडे एकमेकांना भिडवतात. कड कडेला अगदी बसते. म्हणजे तेव्हा मध्ये समुद्रच नव्हता. आफ्रिका, ब्राझील, आपण, सगळे एका घरचे. मागाहून वाटण्या झाल्या आणि जो तो आपला तुकडा घेऊन निघाला. मामांचे सख्खे दोन भाऊ वाटण्या करून वेगळे झालेत, एकमेकांच्या दारात पाऊल ठेवत नाहीत, त्यामुळे ‘एका घरचे’ हे दोन शब्द मामा फार सावकाश उच्चारतात. सगळी गंमत जनावर लहान असण्यात आहे, हे त्यांचं पालुपद. मी हे प्रवचन वीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेन, देव जाणे. प्रत्येक वेळी मी योग्य जागी ‘ना’ म्हणालो, योग्य जागी ‘हय’ म्हणालो, आणि माझी नजर पोयीवर असायची, कारण ती झाल्याशिवाय मामी चहा आणत नसत.

हे प्रवचन सर्वणच्या शाळेतही दर वर्षी व्हायचं. मुलांना ते आवडायचं, कारण पोय शेवटी मुलांना वाटली जायची. आणि चतुर्थीला मेसो माटोळीत असायचा. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली, परसातली फळं बांधतात, ती माटोळी. तालुक्यात माटोळीची स्पर्धा असते आणि लोक नारळ-सुपाऱ्यांचे मोर करतात, हत्ती करतात, हल्ली तर विमानंही. मामा पहाटे उठून डोंगरावर जात, कांगलां, घागऱ्या, आंबाडे घेऊन येत, आणि सगळी माटोळी रीतीप्रमाणे बांधून झाली की एका कोपऱ्यात मेसो बांधत. कोवळ्या दोडक्याचं धड, सुपाऱ्या उतरत्या क्रमाने ओवून शेपूट, भाताच्या लोंबीचे दात. बरोबर दीड हात. परीक्षक यायचे, वर बघायचे आणि एखादा म्हणायचा, “मामा, ही पाल काढून उडयात मगो.” एकदा एका सज्जन परीक्षकाने समजावलं, की तेच जरा मोठं केलंत तर लोकांच्या नजरेत भरेल, बक्षीस मिळून जाईल. मामा म्हणाले, “आसा तितलोच करतलों.” आहे तेवढाच करणार. बक्षीस कधीच मिळालं नाही.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं. माझं मांद्र्याला पाच खोल्यांचं गेस्टहाउस आहे. पाहुणा फोनवर विचारतो, खोलीतून समुद्र दिसतो का? मी म्हणतो, दिसतो. दिसतोही, न्हाणीघरात बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं तर. पाहुणा विचारतो, मासे ताजे आहेत ना? मी म्हणतो, आताच होडी लागली. कोणाला दुखवायचं म्हणून मी हे कधी केलं नाही. समोरच्याला जे ऐकायला आवडेल ते जरा मोठं करून सांगायचं, यालाच मी पाहुणचार समजत आलो. मला वाटतं, गेल्या पंचवीस वर्षांत मी कोणालाही कुठलीही गोष्ट आहे त्या मापाची सांगितलेली नाही.

माझ्याकडे दर वर्षी जर्मनीहून एक म्हातारं जोडपं येतं. त्यांच्या शहरात जुन्या हाडांचं एक संग्रहालय आहे असं माझ्या बायकोने मामांना एकदा बोलता बोलता सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मामा बस बदलत, डिचोली, म्हापसा असं करत मांद्र्याला हजर. पूर्ण विजार, काळी छत्री, बगलेत ते वाळवीने खाल्लेलं पुस्तक. जर्मन बाई किनाऱ्यावर ऊन खात पडल्या होत्या. मामा त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि वाळूत छत्रीच्या टोकाने मेसो काढू लागले. मी दुभाषा. बाई उठून बसल्या, अंगावर टॉवेल घेतला, चित्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, हा तर आमच्याकडे आहे, मी शाळेत असताना पाहिलाय, काचेमागे. मी ते मामांना सांगितलं. बराच वेळ त्यांनी नुसती छत्री हातात फिरवली. मग मला म्हणाले, “तांकां विचारात, आजून आसा काय?” बाई म्हणाल्या, अठ्ठावीस कोटी वर्षं राहिला तो आता कुठे जातोय. हे मात्र मी मामांना जसंच्या तसं सांगितलं, आणि ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या जोडप्याने पावसाळ्यात, माझं गेस्टहाउस बंद असतं तेव्हा, मला त्यांच्याकडे बोलावलं. मामा विमानतळावर आले होते. बाकीचे चॉकलेट सांगत होते, कोणी घड्याळ सांगत होतं. मामांनी एवढंच सांगितलं, “फोटो नाका. फोटो पुस्तकांत आसा. तुमी मात बरे करून पळयात आनी येवन म्हाका सांगात. आमच्या घरच्या कोणाक तरी तो दिसूंक जाय.” म्हणजे नीट बघा आणि येऊन सांगा, आपल्या घरच्या कोणाला तरी तो दिसायला हवा. मी म्हटलं, मामा, विमानातून उतरलो की पहिला तिथेच जातो. तिथे मी आठ दिवस होतो. पहिल्या दिवशी झोप. दुसऱ्या दिवशी नदीतून बोट. तिसऱ्या दिवशी यजमान मला नळांच्या आणि न्हाणीघराच्या सामानाच्या एका दुकानात घेऊन गेले आणि खरं सांगतो, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच गेलो. असे नळ मी आयुष्यात पाहिले नव्हते. शेवटचा दिवस सोमवार होता आणि सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी बंद दारापर्यंत गेलो होतो, ही गोष्ट मी पुढे बरेच दिवस स्वतःला ऐकवत होतो.

परत आल्यावर चॉकलेटं घेऊन सर्वणला गेलो. मामा ओसरीवर वाट बघत बसले होते. मेजावर वही, पेन्सिल. मामी म्हणाल्या, “सकाळसून कदेलावयले उठूंक नात.” म्हणजे सकाळपासून खुर्चीवरून उठलेले नाहीत. त्या क्षणी मला सांगता आलं असतं की जमलं नाही. चार दिवस ते रुसले असते, एवढंच. पण समोर पाहुणा आणि त्याला ऐकायला आवडेल ते सांगायचं, या माझ्या सवयीने तोंड उघडलं. मामांनी विचारलं, “पळयलो?” मी म्हटलं, “पळयलो तर.” त्यांनी विचारलं, “तुमी स्वता?” मी म्हटलं, “स्वता.” मग त्यांनी हळूच विचारलं, “केदो?” केवढा? म्हाताऱ्याने आयुष्यभर ज्याच्यावर जीव लावला तो दीड हाताचा सांगायचा? मी म्हटलं, “मामा, पुस्तकात काही खरं नाही. ह्या मेजापासून त्या दारापर्यंत. सुसरीसारखा. बघून माणूस घाबरेल.” मामांनी मेजाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. वही उघडीच होती, पण त्यांनी काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “मगीर तो पेंवून गेलो आसतलो.” मग तो पोहूनच गेला असेल. मला वाटलं, माणूस खूश होऊन गप्प झाला आहे. मी मामींकडे दुसरा चहा मागितला.

त्या चतुर्थीला मामांच्या माटोळीत मेसो भिंतीपासून भिंतीपर्यंत होता. धडाला भोपळे, शेपटीला शहाळ्यांची रांग, दातांना केळफुलाच्या पाकळ्या. बांधायला वाड्यावरची सहा माणसं लागली. परीक्षक आले, वर बघून थक्क झाले, आणि ‘मगरीची अप्रतिम प्रतिकृती’ म्हणून मामांना तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं, पितळेची मोठी समई. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. ती मगर नाही, हे मामांनी कोणालाही सांगितलं नाही. ते समई घेऊन मंचावरून खाली आले तेव्हा मी म्हटलं, “बघा मामा, मोठा केलात आणि मिळालं.” मामा म्हणाले, “हय. व्हड आसल्यार लोकांक दिसता.” आणि समई त्यांनी माझ्या हातात दिली, धरायला म्हणून, ती परत मागितली नाही. ती आमच्याच घरी आली.

मग दोनेक महिन्यांनी मामींचा माझ्या बायकोला फोन आला. मामा शाळेत जाऊन आले होते. बोलावणं नव्हतं, आपण होऊन गेले. मोठ्या वर्गांच्या मुलांना त्यांनी सांगितलं, की मी इतकी वर्षं तुम्हाला आणि तुमच्या आधीच्या मुलांना एक गोष्ट चुकीची सांगितली. जनावर लहान नाही, मोठं आहे, आमच्या घरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलंय. एवढं मोठं जनावर समुद्र पोहून जाऊ शकतं. तेव्हा सगळे एका घरचे होते असं मी म्हणायचो, त्याला माझ्यापाशी आता पुरावा नाही. फळ्यावर त्यांनी आपलं जुनं वाक्य लिहिलं, त्याच्यावरून एक सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली. पोय नेली नव्हती. मुलं म्हणे पोयीची वाट बघत बसली होती. बायको मला हे हसत हसत सांगत होती, आणि मी नवीन नळ बसवत होतो. माझ्या हातातला पाना खाली ठेवला गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दीड हाताचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. लहान होता म्हणूनच तो मामांचा होता. मी तो मोठा केला आणि त्यांच्या हातातून काढून घेतला.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. पण हंगाम सुरू झाला होता, खोल्या भरल्या होत्या, असं मी म्हणत राहिलो. एकदा सर्वणला गेलो तर शेजारचे बसले होते. एकदा मामांना पडसं होतं. खरं कारण एकच, मला भीती वाटत होती. शेवटी फेब्रुवारीत गेलो. मामा अंगणात एका पेटीतल्या कोकमाच्या साली उन्हात पसरत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की मामा, मी गेलोच नव्हतो, सोमवार होता, बंद होतं. तो मोठा नाही. पुस्तकात आहे तेच खरं, तुम्ही म्हणत होता तेच खरं. मला वाटलं, हे ऐकून त्यांच्या जिवावरचं ओझं उतरेल. रागावतील, पण आतून सुखावतील. मामांनी हातातल्या साली पसरून संपवल्या. मग म्हणाले, “म्हणजे तुमी ताका पळोवंकूच ना.” मी म्हटलं, “ना.” ते म्हणाले, “तर आमच्या घरच्या कोणेंच ताका पळोवंक ना.” बास, एवढंच. मोठा की लहान, याविषयी एक शब्द नाही. मग त्यांनी मामींना हाक मारली, “जांवयांक च्या दी गो,” आणि आत गेले.

दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा शाळेत गेले. आधीचं बरोबर होतं, मधलं चुकलं, असं सांगून पुन्हा रेघ, पुन्हा सही. माझं नाव घेतलं नाही. ‘म्हजी ऐकपांत चूक जाली’ म्हणाले. मुख्याध्यापिकेने नम्रपणे सुचवलं की पुढच्या खेपेला आधी नक्की ठरवून या, मुलांचा गोंधळ होतो. हे मला त्या बाईंनीच पुढे एका लग्नात भेटल्यावर सांगितलं, मामा किती विनोदी आहेत म्हणून. मी तेव्हा खोटं बोललो हे मामींना अजूनही माहीत नाही. आल्यागेल्याला त्या अभिमानाने सांगतात, आमच्या जावयाने तो पाहिलाय, आणि मामा तेव्हा पेपर वाचत असतात.

माझ्याशी मामा पूर्वीइतकेच प्रेमाने वागतात. नारळ देतात, चिबूड देतात, यंदा पाहुणे किती विचारतात. फक्त मेसोचा विषय माझ्याजवळ काढत नाहीत. कोणाला सांगत असले आणि मी ओसरीवर चढलो, की गोष्ट चटकन आवरती घेतात. पोय येते ती थेट बशीतून, चहाबरोबर, आणि लगेच खाता येते. हेच तर मला वीस वर्षं हवं होतं.

या पावसाळ्यात मी पुन्हा जर्मनीला गेलो. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दार उघडायच्या आधी संग्रहालयाच्या पायरीवर उभा होतो. मोठाले सांगाडे ओलांडत, विचारत विचारत गेलो तर एका बाजूच्या खोलीत, खिडकीखाली, काचेच्या पेटीत तो होता. करड्या दगडात मान जराशी वळवलेली. लोक त्याच्यावर नजरही न टाकता पुढच्या खोलीतल्या मोठ्या जनावरांकडे जात होते. मी हात काचेवर धरून बघितलं. दीड हात. मी तसाच मामींच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती, मामा जेवत होते, मामींनी फोन ताटासमोर धरला. मी म्हटलं, “मामा, बघा. लहानच आहे. अगदी तुम्ही म्हणता तेवढाच.” मामांनी हात थांबवला. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू, मामींना वाईट वाटू नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, “जांवयबापू, तुमी खरेंच थंय आसात मूं?”

मी खरंच तिथे आहे हे दिसावं म्हणून मी फोन फिरवला, भिंती दाखवल्या, खिडकी दाखवली, जाणारी-येणारी माणसं दाखवली, माझा चेहरा दाखवला. मामा म्हणाले, “बरें, बरें. विश्वास आसा.” विश्वास आहे असं त्यांना पूर्वी कधी सांगावं लागलं नव्हतं. मग म्हणाले, “आतां फोन बंद करात. म्हाका कित्याक दाखयतात? तुमी पळयात. बरे करून पळयात.”

मी फोन खिशात ठेवला आणि काचेपाशी वाकलो. फासळ्या दिसल्या, शेपूट दिसलं. मानेजवळून एक बारीक रेघ गेली होती. ती त्याची की दगडाची, ते कळेना. जबड्यात केसांसारखं काहीतरी होतं, ते दात असावेत. मामा असते तर त्यांनी एका दृष्टिक्षेपात सांगितलं असतं. काय बघायचं, कुठून सुरुवात करायची, हे सगळं वीस वर्षं ते मला सांगत होते, आणि मी योग्य जागी ‘हय’ म्हणत होतो.